सिंहासनाच्या पोटात

बाई, गेल्या महिन्यात मी एका मुलीचा आवाज पळवायच्या बेतात होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कितीही गोड लिहिलं तरी तुम्ही फसणार नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी रेडिओवर शेतीच्या कार्यक्रमात निवेदन करायची, आणि तुम्ही संध्याकाळी भाजी निवडता निवडता ते ऐकून माझ्या चुका पोस्टकार्डावर लिहून पाठवायचात, तेही याच नाशकातून, चार गल्ल्या सोडून. त्यानंतर मी सिनेमाच्या धंद्यात शिरले. चेहऱ्याच्या जोरावर नाही, तो विषय तुम्ही फार पूर्वीच निकालात काढला होता. मी डबिंग करते, म्हणजे पडद्यावर ओठ दुसरीचे हलतात आणि बोलते मी. शिवाय बाहेरगावच्या नटनट्यांना आपल्याकडचं बोलणं शिकवते. हल्ली कोणालाही द्राक्षबाग दाखवायची झाली की सगळे कॅमेरे घेऊन दिंडोरीकडे धावतात, आणि चार दिवसांनी त्यांच्या लक्षात येतं की बाग नाशिकची आहे पण बागाईतदार ठाण्याचा वाटतोय. मग मला फोन येतो.

या अडचणीवर आमचे लोक काय काय तोडगे काढतात ते ऐकलंत तर तुम्ही चष्मा काढून डोळे पुसाल. एक उत्तरेकडचा देखणा नायक होता, त्याला ळ म्हणता येईना. आठ दिवस घासून झालं, शेवटी निर्मात्यानं लेखकाला आणि मला एका खोलीत बसवलं आणि सांगितलं, याच्या वाट्याचे सगळे ळ काढून टाका. बाई, ळ नसलेला शेतकरी एकदा करून बघा. त्याच्या आयुष्यात सकाळ होत नाही, त्याला कोणाजवळ बसता येत नाही, मळा नाही, फळ नाही, कळी नाही, वेळ तर अजिबातच नाही. बायकोला "काळजी करू नको" म्हणायचं होतं तिथं "घाबरू नको" घातलं. ती बिचारी घाबरलेली नव्हतीच, म्हणून मग तिला आधी घाबरवायला एक साप आणावा लागला. दुसरा एक कोल्हापूरकडचा नट निफाडच्या शेतकऱ्याचं काम करत होता, तो काही केल्या आपला हेल सोडेना. त्याला एक मामा दिला. "लहानपणापासून मामाकडं कोल्हापूरला वाढला," एवढं एक वाक्य कोणाच्या तरी तोंडी टाकलं की झालं काम. आमच्याकडं बोली जमली नाही की पात्राला लगेच लांबचा मामा फुटतो. एकाला सबंध सिनेमाभर दातात काडी धरायला लावली, म्हणजे शब्द कळला नाही तर दोष काडीवर जावा. आणि एका नटीला तर मराठीचा गंधच नव्हता, ती संवादाच्या जागी आकडे म्हणायची. मेलेल्या नवऱ्याच्या अंगावर पडून एक, दोन, तीन, चार करत ती सतरावर असा हुंदका देऊन थांबली की लाइटवाल्यांचे डोळे भरून आले. नंतर त्या सतरावर बसेल असा शब्द शोधायला मला अख्खी दुपार लागली.

हा सगळा चावटपणा मी मूळ तुमच्याकडून शिकले, हे मात्र कोणत्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही. मी आठवीत आहे. शाळेचा हॉल तालमीला मिळत नाही, म्हणून तालमी पंचवटीतल्या तुमच्या स्वयंपाकघरात चालतात. तुम्ही पोळ्या लाटता, आम्ही ओट्याला पाठ लावून उभ्या राहतो, आणि तुम्ही स्वतः लिहिलेलं राणीचं नाटक आंतरशालेय स्पर्धेसाठी बसतंय. राणीच्या कामाला तुम्ही सटाण्याकडून आलेली मुलगी निवडली होती. वडिलांच्या बदलीमुळं ती मधेच आमच्या वर्गात आली होती आणि आम्ही तिला सटाण्याचीच म्हणायचो. उंच, सरळ नाक, आणि मान अशी धरायची की समोरच्यानं आपोआप दोन पावलं मागं व्हावं. पण तोंड उघडलं की अहिराणी. "मी या राज्याची राणी आहे" हे वाक्य तुम्ही तिच्याकडून पंधरा दिवस घोटून घेतलंत आणि सोळाव्या दिवशी ती तितक्याच ताठ मानेनं म्हणाली, "मी राणी शे." तुमच्या हातातलं लाटणं थांबलं. तुम्ही तव्यावरची पोळी उलटलीत, माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "तुझा आवाज राणीचा आहे. चेहरा नाही." भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तशा सुरात म्हणालात. मग तूप लावून तीच पोळी मला खायला दिलीत, आणि मी ती खाल्लीसुद्धा. घरी जाऊन मात्र उशीत तोंड खुपसून रडले, आणि तुमचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

तुमची युक्ती अशी होती. द्राक्षांच्या रिकाम्या लाकडी पेट्यांचं मोठं सिंहासन करायचं, वरून जरीचा कपडा, आणि पोटातून पोकळ. त्या पोकळीत मी बसायचं, हातात वही आणि टॉर्च. राणीनं वर बसून ओठ हलवायचे आणि बोलायचं मी. आवाज सिंहासनातून येणार, म्हणून राणीला जागचं हलता येणार नाही. त्यावरही तुमच्याकडं उत्तर तयार होतं. "राणी सिंहासनावरून उठत नाही, हीच तिची शान," असं तुम्ही आम्हाला बजावलंत, आणि परीक्षकांनी विचारलं असतं तर त्यांनाही तेच ऐकवलं असतंत. प्रेमाचा प्रसंग, युद्धाची बातमी, भावाचा मृत्यू, सगळं राणीनं बसूनच सोसलं. आज कोणी दिग्दर्शक मला मोठ्या ऐटीत सांगतो की नायिकेचे शॉट पाठमोरे घेतलेत, आवाज नंतर भरू, तेव्हा मला त्या पेट्यांचा लाकडी वास येतो. मला त्या पोकळीत बसायला आवडायला लागलं होतं, हेही खरं आहे. वर तिच्या बांगड्या वाजल्या की मी श्वास घ्यायची आणि तिचे ओठ माझ्या शब्दावर बरोब्बर उघडायचे. ती चुकून शिंकली तर पुढचं वाक्य मी नाकात बोलायची.

स्पर्धेच्या दुपारी माझे वडील कामावरची पाळी बदलून आले होते. मुलीचं नाटकात मुख्य काम आहे, एवढंच मी घरी सांगितलं होतं, आणि तेवढं सांगणं खोटं नव्हतं. पेट्यांच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून मला ते तिसऱ्या रांगेत दिसत होते. राणी बोलायची आणि ते राणीकडं बघायचेच नाहीत. मान उंच करून कधी या विंगेत बघ, कधी त्या विंगेत बघ. माझा आवाज त्यांना ओळखू येत होता आणि मी सापडत नव्हते. तिसऱ्या प्रवेशात शत्रूचा सेनापती येऊन सिंहासन खाली करायला सांगतो, तिथं तुमचं आवडतं वाक्य होतं, "या सिंहासनाला माझ्या पित्याच्या पुण्याईचा आधार आहे." मी ते वाक्य समोर धरलेलं होतं, टॉर्च चालू होता, घसा ठणठणीत होता. बाई, मी वही मिटली. वर ओठ हलले असतील, कारण समोरच्या रांगेतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. बांगड्या वाजल्या. परत वाजल्या. मग सटाण्याचीनं खाली वाकून जरीच्या कपड्याआड बघितलं आणि आमची नजरानजर झाली. माझ्या मांडीवर मिटलेली वही तिला स्पष्ट दिसली. ती सरळ झाली, सिंहासनावरून उठली, तीन पावलं पुढं गेली आणि सेनापतीच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, "हाई राज मनं शे. तुना बापनं नही."

 मग मागून एक शिट्टी आली, आणि बागलाण, कळवण, मालेगावकडून येऊन नाशकात नोकरी करणारे जेवढे आईबाप तिथं बसले होते, तेवढे सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. सेनापती आपलं वाक्य विसरून खरोखरच दोन पावलं मागं गेला. पुढचं अख्खं नाटक ती अहिराणीत बोलली आणि मी पेट्यांमध्ये बसून तोंडात पदर कोंबल्यासारखी हसत होते, रडतही होते. बक्षीस मिळालं नाही. पडद्यामागं तुम्ही तिला धारेवर धरलंत, "राणी उठत नाही, किती वेळा सांगितलं होतं?" ती म्हणाली, "मंग काय करू बाई? सिंहासनच मुकं व्हयनं." माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही, आणि पुढं शाळा सुटेपर्यंत कोणाला एक अक्षर सांगितलं नाही. मी तुमच्यासमोर खालच्या आवाजात "घसा बसला" म्हणाले. तुम्ही पर्समधून ज्येष्ठमधाची कांडी काढून माझ्या हातात ठेवलीत, आणि त्यानंतर वर्षभर दर शनिवारी एक कांडी देत राहिलात. टेम्पोत सिंहासनाशेजारी बसून परत येताना मात्र तुम्ही एकदम हसायला लागलात. रामकुंडापर्यंत हसत होतात. तुना बापनं नही, असं मधूनच म्हणायचात आणि पुन्हा सुरू. मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त तेच आवडतं.

आता त्या मुलीचं सांगते. ती विदर्भातली, पंचविशीची. आधी दोन सिनेमांत होती आणि दोन्हींत दुसरीचा आवाज टाकलेला. ती स्वतःच मला म्हणाली, "ताई, मागच्या पिच्चरले मायले घेऊन गेली होती मी. बाहेर निघाल्यावर म्हणते, तोंड तं तुयंच होतं, पण तू कुठी होती?" हे सांगताना ती हसत होती, आणि मी मात्र चहाचा कप खाली ठेवला. या सिनेमात तिला दिंडोरीच्या बागाईतदाराच्या सुनेचं मुख्य काम होतं. पुण्याचा तरुण दिग्दर्शक, भला माणूस, त्यानं तिला शब्द दिला होता की इथली बोली शिकलीस तर आवाज तुझाच ठेवू. शिकवणार मी. शूटिंगच्या तीन आठवडे आधी ती दिंडोरीला येऊन राहिली. मी चार दिवस शिकवलं आणि मधेच मला मुंबईला एका मालिकेच्या कामासाठी जावं लागलं. जाताना तिला सांगितलं, दिवसभर बागेत बायांमध्ये बस, त्या बोलतात तसं बोल, विरळणी चालू आहे, तीस-चाळीस बाया आहेत, याहून चांगली शाळा मिळायची नाही. विरळणी म्हणजे घडातले जादा मणी बारीक कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेले मोठे होतात. हात वर, मान वर, दिवसभर मांडवाखाली उभं राहायचं, आणि बोलायला तोंड मोकळं.

बाई, त्या बाया दिंडोरीच्या नसतात. हंगामात त्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवरून गाड्या भरभरून येतात, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणते. पण सिनेमावाल्यांबरोबर राहून राहून मला बागेतली प्रत्येक बाई बागेचीच वाटायला लागली होती. मी परत आले तेव्हा शूटिंगचा चौथा दिवस होता. मुलगी वाऱ्यासारखी बोलत होती. कुठंच्या जागी कठं, आहेच्या जागी आहा, आणि वाक्याच्या शेवटी आवाज असा वर उचलायची की डोंगरातल्या पाड्यावर कोणी हाक मारतंय. विरळणीच्या बाया कौतुकानं तोंडाला पदर लावून बघत होत्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्क मावशी तिला म्हणाली होती, "तू आमचीच आहा, बाय," आणि मुलगी ते सगळ्यांना पदवी मिळाल्यासारखं सांगत सुटली होती. दिग्दर्शक खूश होता, त्याला हे सगळं अस्सल वाटत होतं, कारण पुण्याहून बघितलं की ग्रामीण म्हणजे सगळं एकच दिसतं. तेवढ्यात बागेची मालकीण, जी लग्नाला गेली होती म्हणून आधीचे तीन दिवस नव्हती, ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दोन वाक्यं ऐकली आणि हळूच म्हणाली, "ताई, ही हिरोईन आमच्यासारख्यांची सून दाखवली हे ना?"

मी म्हटलं, "हो."

"मंग ही आमच्या विरळणीच्या बायांवानी काय बोलू राह्यली? आमच्या घरात असं कोणी बोलत नाय." तिच्या बोलण्यात हेटाळणी नव्हती, नुसतं नवल होतं.  चूक त्या मुलीची नव्हती, तिनं मी सांगितलं तेच केलं होतं आणि इतकं चोख केलं होतं की आता ते पुसणं शक्य नव्हतं. मी दिग्दर्शकाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो बराच वेळ बुटानं माती उकरत होता. मग म्हणाला, "मॅडम, तिला आत्ता काही बोलू नका, काम बिघडेल. तिला बोलू दे तशीच. नंतर सगळं तुमच्या आवाजात करून घेऊ." मी मान हलवली. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्याबरोबर, किंवा खरं सांगायचं तर त्याच्या आधी, मला आनंद झाला. इतकी वर्षं माझ्या वाट्याला सासवा आल्या, वकिलिणी आल्या, दोन वाक्यं बोलून आत जाणाऱ्या डॉक्टरणी आल्या. अख्खी नायिका, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, पहिल्यांदाच माझ्या तोंडी येणार होती. त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला श्रीखंड आणायला पाठवलं, आणि कशासाठी ते सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात नाशकातल्याच एका छोट्या स्टुडिओत मी कामाला बसले. पहिली वीस मिनिटं दोन दिवसांत झाली. काचेपलीकडं तिचा चेहरा, अलीकडं मी, आणि तिचे ओठ काय करणार आहेत ते मला तिच्या आधी कळत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः दारात उभी राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. "ताई, मी सुरगाण्याले जाऊन आली. त्या मावशीनं घरी बोलावलं होतं ना. चार दिवस राहिली. हे तुमच्यासाठी बांधून देल्लं त्यायनं." गाठोड्यात नागलीचे पापड होते आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी होती. मग ती स्टुडिओतल्या स्टुलावर मांडी घालून बसली आणि पापड मोडून खात खात त्या घराचं सांगत राहिली. पाणी किती लांबून आणतात, कोणाची मुलगी नर्स व्हायला शिकतेय, कोणाचं लग्न ठरलंय. मधेच कठं म्हणायची, मधेच आहा म्हणायची, तिचं तिला कळतही नव्हतं. जाता जाता काचेकडं बघून विचारलं, "माझं काम कधी आहे इथं? मायचं तिकीट काढून ठेवलं मी पहिल्या दिवसाचं. यावेळी तू ऐकू येशील ना, विचारून राहिली ती." मी म्हटलं, कळवते. ती गेल्यावर मी त्या स्टुलावर बसून उरलेला पापड खाल्ला आणि तुमची फार आठवण झाली.

दुपारी दिग्दर्शकाला बोलावून घेतलं. म्हटलं, आवाज बदलू नका, माहेर बदला. तो म्हणाला, "म्हणजे मामाच ना?" मी म्हटलं, मामा नाही, माहेर. सुनेचं माहेर पेठकडचं आहे, एवढं कोणीतरी एकदा बोलू दे. मग ती जशी बोलते तशी बोलू दे, आणि विरळणीच्या बाया तिच्याशी इतक्या मोकळ्या का आहेत, सासू तिच्यावर सारखी का धुसफुसते, याचंही कारण मिळेल, जे तुमच्या गोष्टीत आत्ता मिळत नाही. तो खुर्चीवरून अर्धा उठला. पण शहाणा माणूस, लगेच हो म्हणाला नाही. त्यानं तोच प्रसंग दोनदा लावला, एकदा तिच्या आवाजात, एकदा माझ्या. मग माझ्याकडं तोंड करून विचारलं, "खरं सांगा मॅडम, कोणता चांगला आहे?" स्टुडिओतला रेकॉर्डिंगवाला खाली बघत होता. मी म्हटलं, तिचा.

एका प्रसंगासाठी पुन्हा दिंडोरीला जावं लागलं. तोपर्यंत द्राक्षं उतरून गेली होती आणि बाग मोकळी दिसत होती. तिथं नवाच घोळ झाला. मालकीणबाईंना गोष्ट सांगितली तर त्या ठामपणे म्हणाल्या, "असं लग्न आमच्याकडं होत नाय." दिग्दर्शक त्यांच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "काकू, हेच वाक्य कॅमेऱ्यासमोर म्हणाल का?" शेजारणीचं काम होतं, ते त्यांनाच दिलं. त्यांनी आत जाऊन साडी बदलली, पुन्हा बाहेर आल्या, दिग्दर्शकानं साडी परत जुनीच नेसायला लावली, त्यावरून अर्धा तास गेला. मग त्या सुपात गहू पाखडत बसल्या आणि म्हणाल्या, "पेठकडची सून केली यांनी. असं लग्न आमच्याकडं होत नाय." इथं संपायचं होतं. पण कॅमेरा चालू राहिला आणि त्याही चालू राहिल्या. "होत नाय, पण झालं. आता काय करता. पोरगी कामाला वाघीण हे." मुलगी मागं धुणं वाळत घालत होती, ती हसायचं नसताना हसली, आणि ते हसू तसंच ठेवलंय. सगळे टाळ्या वाजवत होते, मालकीणबाई गहू पाखडतच होत्या, आणि मी मांडवाच्या खांबाला टेकून इतकी हसले की पोट दुखायला लागलं.

सिनेमा पुढच्या महिन्यात लागतोय. मुलीची आई विदर्भातून गाडीनं येणार आहे आणि मला तिच्या शेजारची खुर्ची हवी आहे, असं मी आधीच सांगून ठेवलंय. पाट्यांमध्ये माझं नाव भाषा मार्गदर्शन या शब्दांपुढं येईल. मला ते पुरतं, आणि हे मी तोंडदेखलं म्हणत नाही, खरंच पुरतं. मार्गदर्शन कोणतं केलं ते विचारू नका, मी फक्त चुकीच्या शाळेत पाठवलं. त्या वीस मिनिटांचं माझं काम तिला कोणी सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. रेकॉर्डिंगवाल्याकडून मी ते एका पेन ड्राइव्हवर मागून घेतलंय. घरात कोणी नसलं की लावते, आजही लावलं होतं, आणि तेव्हाच हे लिहायला बसले. लिहून झालं की हे कागद मी फाडून टाकणार आहे, कारण त्या मुलीच्या हाती लागले तर सगळाच घोटाळा होईल, आणि तुमच्यापर्यंत ते तसेही पोचायचे नाहीत. पण कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि आवाजातलं तुम्हाला कळायचं. दिग्दर्शकानं विचारलं तेव्हा मी तिचा म्हणाले. बाई, माझा चांगला होता. थोडासा नाही, चांगलाच.